थांब्यांवरची गोडी : कर्जत-खालापुरातील चिक्की, गोळ्या आणि चॉकलेटची बाजारपेठ

साखर किंवा गूळ हा मुख्य घटक असलेले, पाण्याचा अंश अत्यल्प असलेले आणि म्हणूनच दीर्घकाळ टिकणारे जे गोड पदार्थ कारखान्यांत अथवा कारागिरांच्या भट्ट्यांवर तयार होतात, त्यांना व्यापारी भाषेत 'कन्फेक्शनरी' म्हणतात. त्यात उकळलेल्या साखरेच्या गोळ्या, टॉफी, चॉकलेट आणि च्युइंगगम यांच्या जोडीला चिक्की, रेवड्या, साखरफुटाणे, बत्तासे हे देशी पदार्थही येतात. एखाद्या भागात असा उद्योग का रुजतो, याचे उत्तर सहसा तेथील पिकांत किंवा तेथील गिऱ्हाइकांत शोधले जाते. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना मात्र ते उत्तर लागू पडत नाही. हे भाताचे तालुके आहेत. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासून काम करीत आहे. चिक्कीसाठी लागणारा गूळ कोल्हापूर-सांगलीकडून, शेंगदाणा मोठ्या प्रमाणावर गुजरातमधून आणि चॉकलेटचा कोको बहुतांशी परदेशांतून येतो, तर पदार्थ विकत घेणारा मनुष्य प्रायः मुंबईचा किंवा पुण्याचा असतो. मालही बाहेरचा आणि गिऱ्हाईकही बाहेरचे अशा या व्यवहारात या भूभागाने पुरवलेली वस्तू एकच, ती म्हणजे प्रवाशाचा थांबा. हा थांबा जसजसा जागा बदलत गेला, तसतशी येथील गोड पदार्थांची बाजारपेठही सरकत गेली.

पहिला थांबा रेल्वेने निर्माण केला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. परंतु मधला बोरघाट पूर्ण होऊन दोन्ही टोके जोडली जाण्यास १८६३ साल उजाडावे लागले, आणि तोपर्यंत प्रवाशांना पायथ्याशी उतरून पालखीने किंवा घोड्यावरून घाट चढावा लागे. घाटाच्या बांधकामावर हजारो मजूर राबत होते. लोणावळ्याच्या चिक्कीचा उगम या रेल्वेच्या मजुरांना विकल्या जाणाऱ्या 'गूळदाणी'त होता, असे परंपरेने सांगितले जाते. या कथेचा कागदोपत्री पुरावा फारसा पुढे येत नसला, तरी ती पटण्याजोगी आहे. कारण स्वस्त, भरपूर ऊर्जा देणारा, न शिजवता खाता येणारा आणि कनवटीला बांधून नेता येणारा पदार्थ अशा कष्टकऱ्याला उपयोगी पडणे स्वाभाविक आहे.

घाटाचा चढ काही ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडावी लागतात. या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. ती जोडण्यासाठी लागणाऱ्या काही मिनिटांवर कर्जत स्थानकातील खाद्यव्यवसायाची सारी उभारणी झाली. दिवाडकरांच्या बटाटावड्याची कीर्ती याच थांब्यातून पसरली आणि चिक्कीची पाकिटे घेऊन डब्यात चढणारे फेरीवालेही याच मिनिटांवर जगत आले. वडा गरम असतानाच खायचा, चिक्की मात्र घरी न्यायची, हा फरक अर्थशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. वड्याचे गिऱ्हाईक तेवढ्यापुरते असते. चिक्कीचे पाकीट पुण्याच्या किंवा दादरच्या घरात उघडले जाते, चार जणांत वाटले जाते आणि ती चांगली निघाली तर मागणीही चौपट होते, वाईट निघाली तर नावही चौपट वेगाने जाते. म्हणून चिक्कीचा व्यापार नीट समजून घ्यायचा तर ती वाईट का निघते, हे आधी पाहावे लागते.

चिक्कीच्या भट्टीवर सर्वांत नाजूक काम पाक उतरवण्याचे असते. गूळ कढईत वितळून उकळू लागला की त्यातील पाणी कमी होत जाते आणि पाक एकतारी, गोळीबंद, कडक अशा अवस्थांतून पुढे सरकतो. कडक पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून दाताखाली धरला असता तो ताणला न जाता कट्‌कन तुटावा लागतो. निव्वळ साखरेच्या गोळ्यांसाठी हे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असते; गुळात मात्र साखरेखेरीज इतर घटक असल्याने तो लवकर करपतो आणि त्याचा पाक त्याआधीच उतरवावा लागतो. भाजून, साल काढून, पाखडून घेतलेले दाणे त्यात झपाट्याने कालवून मिश्रण तेल लावलेल्या ओट्यावर ओततात, जड लाटण्याने पसरवतात आणि ते गरम असतानाच त्यावर सुरीच्या रेघा मारतात, कारण गार झालेली चिक्की सरळ कापता येत नाही, तिचे तुकडे होतात. 'क्रश' या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रकारात दाणे भरडून घेऊन ती कागदासारखी पातळ लाटली जाते. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना ती चावायला सोपी जात असल्याने या प्रकाराची मागणी वाढलेली दिसते.

असा कडक झालेला पाक रसायनशास्त्राच्या दृष्टीने काचेच्या जातीचा पदार्थ असतो, म्हणजे त्यातील रेणू स्फटिकासारखे शिस्तीत न बसता जसेच्या तसे गोठलेले असतात. या अवस्थेतील पाकात पाण्याचे प्रमाण जेमतेम १ ते ३ टक्के राहते आणि त्यामुळे तो भोवतालच्या हवेतून ओलावा ओढून घेण्यास सदैव तयार असतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या पुढे गेली की उघडी गोळी किंवा चिक्की हळूहळू चिकट होऊ लागते. गुळाच्या चिक्कीबाबत हे अधिकच खरे आहे, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या सुट्या साखरा आयत्याच असतात. त्यांच्यामुळे पाकात खडे धरत नाहीत हा लाभ मिळतो, पण त्याच साखरा ओलाव्याला सर्वाधिक खेचतात. बाजारात 'चिकीचा गूळ' म्हणून वेगळा विकला जाणारा गूळ याच कारणाने उत्तम चिक्की देतो आणि याच कारणाने लवकर सादळतोही.

या ठिकाणी कर्जत-खालापूरच्या बाजारपेठेतील मूळ विसंगती लक्षात येते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि धबधबे, गडकिल्ले व हिरवे डोंगर पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते तीही नेमकी याच महिन्यांत. चिक्कीचा पारंपरिक हंगाम संक्रांतीच्या कोरड्या थंडीतला. पर्यटनाने मात्र तिची विक्री मुसळधार पावसात नेऊन ठेवली. तिळगुळाच्या घरगुती परंपरेला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तो सुटला तो वेष्टनामुळे, आणि म्हणूनच गेल्या काही दशकांतील चिक्कीच्या प्रगतीचे श्रेय पाककृतीपेक्षा पाकिटाला द्यावे लागेल. कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलेली चिक्की पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत मऊ पडते; उष्णतेने तोंड बंद केलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात ती कित्येक आठवडे कुरकुरीत राहते, तर धातूचा पातळ थर असलेल्या वेष्टनात प्रकाश आणि प्राणवायू अडवला गेल्याने दाण्यातील तेल खवट होण्याची क्रियाही लांबते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मा अंश तेलाचा असल्याने हा दुसरा लाभ लहान नव्हे.

वेष्टनावरील हे अवलंबित्व पर्यावरणाच्या नियमांशी मात्र ठिकठिकाणी अडखळते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंवर बंदी घातली; केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून लागू केलेल्या देशव्यापी बंदीत कँडीच्या प्लास्टिक काड्या आणि मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळायचा पातळ पडदा यांचा स्पष्ट उल्लेख होता. कारखान्यात भरून बंद केलेली पाकिटे या बंदीत येत नसली, तरी त्यांचा कचरा कोठे जातो हा प्रश्न उरतोच, आणि तो माथेरानला जितका टोचतो तितका इतरत्र टोचत नाही. कर्जत तालुक्यातील हे गिरिस्थान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. खासगी वाहने दस्तुरी नाक्याला थांबतात आणि त्यापुढे चिक्की, चपला, मध यांची दुकाने भरलेल्या बाजारापर्यंतचा माल प्रामुख्याने घोड्यांच्या पाठीवरून, हातगाड्यांवरून किंवा १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान रेल्वेने जात आला आहे. ही रेल्वे २०१९ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेल्याने बंद पडली आणि नेरळपासून माथेरानपर्यंतची तिची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली. वर चढवलेल्या प्रत्येक किलो मालावर अशी वाहतुकीची भर पडत असल्याने माथेरानच्या दुकानदाराला स्वस्त पदार्थापेक्षा वजनाच्या मानाने महाग पदार्थ विकणे परवडते. काजूची चिक्की, फज आणि 'घरगुती' चॉकलेट यांची तेथील रेलचेल ही पर्यटकांच्या आवडीइतकीच या हिशेबाचीही निष्पत्ती आहे.

पर्यटकांखेरीज यात्रेकरूंचीही एक स्वतंत्र बाजारपेठ आहे. अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान असलेले महड हे गाव खालापूर तालुक्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळच आहे आणि माघी गणेशोत्सवात तेथे मोठी गर्दी होते. प्रसादाच्या दुकानांत पेढे आणि मोदक यांच्याबरोबर साखरफुटाणे व बत्तासे मांडलेले असतात, आणि या दोन गटांतला भेद व्यापाऱ्याला नीट ठाऊक असतो. खव्याच्या पदार्थात पाणी पुष्कळ असल्याने तो थोड्याच दिवसांत विटतो, साखरफुटाणे महिनोन्‌महिने टिकतात. फिरत्या कढईत फुटाण्यांवर पाकाचे एकावर एक थर चढवण्याची त्यांची पद्धत आणि चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांवर साखरेचे कवच चढवण्याची कारखान्यातील पद्धत तत्त्वतः एकच आहे. खोपोलीजवळच्या साजगावी कार्तिकी एकादशीला भरणारी बोंबल्या विठोबाची जत्रा सुक्या मासळीसाठी प्रसिद्ध असली, तरी जत्रा म्हटली की मिठाईची पाले आणि साखरेचा रंगीत कापूस ओघाने आलाच. या कापसात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा विषारी रंग आढळल्यावरून २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने त्याच्या विक्रीवर बंदी घातली होती, हे जत्रेत मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा मोठा थांबा रस्त्याने दिला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला आणि खालापूरचा टोलनाका व त्या परिसरातील फूड मॉल ही घाट चढण्यापूर्वीची ठरलेली विश्रांतीची जागा बनली; २०१३ मध्ये याच तालुक्यात सुरू झालेल्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाने त्यात मुलांच्या सहलींची भर घातली. या नव्या थांब्याचे अर्थकारण कर्जतच्या फलाटापेक्षा अगदी निराळे आहे. फलाटावर टोपली घेऊन उभा राहणारा फेरीवाला अल्प भांडवलावर धंदा करू शकतो, तर फूड मॉलमधील गाळ्याचे भाडे भरण्याची ऐपत मोठ्या विक्रेत्याचीच असते. परिणामी मांडणीवर नामवंत कंपन्यांची चॉकलेटे आणि लोणावळ्याच्या जुन्या पेढ्यांची चिक्की यांना दर्शनी जागा मिळते. लहान भट्टीवाल्याला आपला माल दुसऱ्याच्या नावाच्या पाकिटात भरून द्यावा लागतो, नाहीतर गाडीच्या काचेपाशी जाऊन विकावा लागतो. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर टोलनाक्यावरील रांगा आखडल्या आणि काचेपाशी होणाऱ्या विक्रीचा वेळही आखडला.

प्रवाशांपासून दूर, गावागावांतील किराणा दुकानांच्या बरण्यांत चालणारा गोळ्यांचा व्यापार हा या उद्योगाचा सर्वांत मोठा परंतु सर्वांत कमी दिसणारा भाग होय. त्याचे गणित नाण्याभोवती फिरते. साखर, इंधन, मजुरी यांचे भाव वाढले तरी एका रुपयाची गोळी सव्वा रुपयाला विकता येत नाही, कारण तेवढे सुटे पैसेच चलनात नाहीत. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून बाद झाले आणि ५० पैशांचे कायद्याने चालत असूनही व्यवहारातून गेले. त्यामुळे उत्पादकापुढे गोळीचे वजन कमी करणे किंवा थेट दुप्पट किमतीवर उडी मारणे एवढेच मार्ग राहतात. या कोंडीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण रावळगावचे आहे. वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ १९३३ मध्ये उभारलेल्या साखर उद्योगातून १९४० च्या दशकात गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले आणि 'रावळगाव' हे नाव मराठी घरांत गोळीचा पर्यायच बनले. तथापि संघटित व असंघटित अशा दोन्ही स्पर्धकांपुढे बाजारातील वाटा टिकवणे कठीण झाल्याचे सांगत कंपनीने 'पान पसंद', 'मँगो मूड', 'कॉफी ब्रेक' यांसह आपली गोळ्यांची बोधनामे २०२४ च्या फेब्रुवारीत रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकली. मराठी माणसाच्या स्मरणात या नावांचे जे मोल आहे, त्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

याउलट २०१५ मध्ये बाजारात आलेल्या 'पल्स' या एक रुपयाच्या गोळीने कच्च्या कैरीची चव आणि आत मिठाची तिखट पूड एवढ्या भांडवलावर प्रौढ गिऱ्हाईक मिळवले. गोळी ही केवळ मुलांची वस्तू असल्याचा समज तिने मोडला. दरम्यान, सुट्या पैशांऐवजी दुकानदाराने हातावर गोळी ठेवण्याची जुनी रीत मोबाइलवरून पैसे देण्याच्या पद्धतीमुळे मागे पडत चालली असून, गिऱ्हाइकाने मागितली नसतानाही होणारी ही विक्री किती मोठी होती, याचा अंदाज ती कमी झाल्यावरच येणार आहे.

चॉकलेटची अडचण वेगळ्या दिशेने आली. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. तेथील लहरी हवामान, झाडांवरील विषाणुजन्य रोग आणि जुन्या बागा यांमुळे पीक घटून २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, जो त्याआधी अनेक वर्षे २,००० ते ३,००० डॉलरच्या दरम्यान असे. पुढील वर्षी तो बराच उतरला, तरी त्या तेजीत अनेक उत्पादकांनी कोको बटरऐवजी वनस्पती-स्निग्ध वापरलेल्या 'कंपाउंड' चॉकलेटचा आश्रय घेतला. गिरिस्थानांवर घरगुती म्हणून विकले जाणारे चॉकलेट पुष्कळदा याच जातीचे असते आणि त्यामागे स्वस्ताईइतकेच हवामानही आहे. खरे कोको बटर ३२ ते ३५ अंशांना वितळते, तर एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उन्हात शीतपेटी नसलेल्या दुकानात शुद्ध चॉकलेट टिकणे शक्यच नाही, वितळून पुन्हा थिजलेल्या चॉकलेटवर पांढरट पुटे चढतात आणि गिऱ्हाईक ती बुरशी समजून परत करते. उन्हाळ्यात चिक्कीला आणि पावसाळ्यात चॉकलेटला थोडा अनुकूल काळ मिळतो, ही निसर्गाने केलेली वाटणी येथील चतुर दुकानदार मांडणी बदलून सांभाळतात.

आरोग्याच्या नावाने होणारी विक्री ही अलीकडची सर्वांत जोरदार प्रवृत्ती आहे. शेंगदाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असल्याने चिक्की हा नव्या 'प्रोटीन बार'चा जुना आणि कितीतरी स्वस्त भाऊबंद ठरतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून राजगिरा आणि नाचणीच्या वड्याही मांडणीवर वाढल्या आहेत. कर्जतच्या डोंगरउतारांवर ठाकूर व कातकरी कुटुंबे नाचणी आणि वरी पिकवीत आली असल्याने, बाहेरच्या कच्च्या मालावर उभ्या असलेल्या या उद्योगात स्थानिक पिकाला शिरकाव करता येईल अशी ही एकच वाट दिसते. मात्र 'गुळाची, म्हणून मधुमेहींना चालणारी' हा पाकिटांवरून आणि विक्रेत्यांच्या तोंडून पसरणारा दावा साफ चुकीचा आहे. गुळाचा मोठा भाग साखरच असतो आणि त्यातील खनिजांचे अल्प प्रमाण रक्तातील साखरेच्या वाढीला आवर घालू शकत नाही.

कायदा आणि कर यांनी या बाजाराला अलीकडे नवे वळण दिले आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला; त्यानुसार लहान उत्पादकालाही नोंदणी बंधनकारक झाली. दाण्यांना ओल लागल्यास त्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष निर्माण करते, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्याने प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय उरत नाही. हा खर्च दोन कढयांच्या भट्टीला जड जातो. करांच्या बाबतीत, वस्तू व सेवा कर परिषदेने २०१७ च्या नोव्हेंबरात चिक्की व रेवड्यांवरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, तर चॉकलेटवरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट आणि साखरेच्या गोळ्याही ५ टक्क्यांच्या गटात आल्या. जवळजवळ आठ वर्षे चिक्कीला मिळालेली कराची सवलत याप्रमाणे संपुष्टात आली असून यापुढे ती मोठ्या कंपन्यांच्या चॉकलेटशी बरोबरीच्या दरावर स्पर्धा करील.

थांबेही आखडत आहेत. मुंबई-सोलापूर वंदे भारत ही २०२३ मध्ये सुरू झालेली गाडी जादा इंजिनांवाचून घाट चढते आणि कर्जत तिच्या थांब्यांत नाही. खोपोली ते कुसगाव असा बोगदे व पूल यांवरून आखलेला जोडरस्ता द्रुतगती मार्गाचे अंतर सुमारे ६ किलोमीटरने कमी करणारा असून, त्याने जाणाऱ्यांना खंडाळ्याचा घाट लागत नाही, पायथ्याचे खालापूर मात्र वाटेवरच राहते. घाटमाथ्याच्या नावावर विकली जाणारी चिक्की उद्या पायथ्याच्या नावावर विकण्याची संधी यातून येथील भट्टीवाल्यांना मिळू शकते. आज ती संधी घेण्याजोगे स्वतःचे नाव त्यांच्यापैकी फार थोड्यांकडे आहे.

या भागात पावसाळ्यात चिक्की घेणाऱ्याने उघड्या परातीतील माल टाळावा, पाकिटाची शिवण घट्ट आहे ना हे दाबून पाहावे, उत्पादनाची तारीख आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक वाचावा, आणि एका मोठ्या पाकिटाऐवजी लहान पाकिटे घ्यावीत, कारण एकदा उघडलेली चिक्की कर्जत-खालापूरच्या हवेत दुसऱ्या दिवशीच सादळू लागते.